गाईवर बहिष्कार नाही

क्लूनब्रॅक, परगणा मेयो
ऑगस्टअखेर, गवत घरात

प्रिय सबीनाताई,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि शिकागोच्या घरातल्या त्या पोपटाला (असला अजून, तर) तुझ्या धाकट्या बहिणीचा, डीलियाचा, नमस्कार. देव आणि मेरीमाता तुझ्यावर कृपा ठेवोत, आणि हा लिफाफा तू फोडावास एवढी जास्तीची कृपा माझ्यावर करोत. मी बरी आहे. डावा खांदा दुखतो, पण या गावात खांदा न दुखणारं माणूस बघायला पुढच्या परगण्यात जावं लागेल. गाय मजेत आहे. तिचं नाव ड्रिमिन, पाठीवर पांढरा पट्टा आहे, आणि तिची खुशाली नीट वाचून घे, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबणार आहे. तुझी खुशाली मला आपल्या मावसबहिणीकडून, विनीकडून कळते. ती लिहिते की सबीना ठणठणीत आहे, रविवार चुकवत नाही, आणि बहिणीचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघते. आधी मी टपालखात्याला दोष द्यायचे. बोट बुडाली असेल म्हणायचे. पण माझ्या पत्रांसाठी बुडाल्या तेवढ्या बोटी खरंच बुडाल्या असत्या तर वर्तमानपत्रात आलं असतं. तेव्हा मला पुरतं ठाऊक आहे की त्या टोपीच्या फोटोवरून तू माझ्याशी बोलणं टाकलंयस, आणि हे पत्र लिहायचं कारणही, खरं सांगायचं तर, तेच आहे. पण टोपीचा विषय मी आज काढणार नाही. (तिच्यावरचा पक्षी मात्र चांगला होता.)

बातमी अशी की गावानं मला बॉयकॉट केलं. हसू नकोस. ज्या तळ्याकाठी हे क्रियापद जन्माला आलं त्या तळ्याचा वारा आपल्या स्वयंपाकघरात येतो. ज्यांनी ते जगाला दिलं त्यांची नातवंडं माझ्या कुंपणाला कुंपण लावून राहतात. आणि त्यांनी ते चालवलं कुणावर, तर एक गाय आणि एक दुखरा खांदा एवढीच इस्टेट असलेल्या बाईवर. एका परीनं मानच म्हणायचा. नवाबाला शोभेल अशी शिक्षा मला घरबसल्या मिळाली.

सुरुवात झाली ती डब्लिनच्या प्रोफेसरापासून. प्रोफेसर क्विनलन म्हणजे लांब मानेचा, कोवळा, सदा ओल्या मोज्यांचा माणूस. तिकडे कुणीतरी मोठा शब्दकोश करतंय आणि त्यात या एका क्रियापदाचा अर्थ, जन्म आणि वापर लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. बरोबर आवाज धरून ठेवणारं यंत्र होतं, वासराएवढं जड, आणि वासरासारखंच मध्येच अडून बसणारं. पुस्तकातलं सगळं त्याला पाठ होतं: की गेल्या शतकात, ऐंशी साली, तळ्याकाठी जमीनदाराचा कारभार बघणाऱ्या त्या इंग्रज कॅप्टनाला आपल्या लोकांनी वाळीत टाकलं. त्याच्या शेतावर कुणी जाईना, घोड्याला कुणी नाल मारेना, त्याचे कपडे कुणी धुवेना, दुकानदार त्याला माल देईना. शेवटी उत्तरेकडून माणसं आणली, त्या माणसांच्या राखणीला पलटण आणली, आणि भर पावसात सलगम आणि बटाटे खणून काढले, ज्यांची किंमत पलटणीच्या न्याहारीइतकीही नव्हती. तेव्हापासून कॅप्टनाचं 'बॉयकॉट' हे आडनाव क्रियापद होऊन बसलं. प्रोफेसर म्हणाला, ते फ्रान्समध्ये गेलं, जर्मनीत गेलं, रशियात गेलं, आणि हिंदुस्थानात तर लोकांनी ते साहेबाच्या कापडावरच चालवलं. मला फार बरं वाटलं. आपल्याकडून परदेशी गेलेल्यांपैकी कुणीतरी नाव काढतंय. (हे तुला उद्देशून नाही.)

दूध काढताना मी विचार करत होते, ताई, की माणसाच्या आडनावाचं क्रियापद व्हावं ही शिक्षा केवढी मोठी. माणूस मरतो, पण लोक त्याला वापरतच राहतात, भूतकाळात, भविष्यकाळात, आणि मास्तर शाळेत असताना तर छडी घेऊन. आपल्या गावची आडनावं वाचली ती देवाचीच कृपा. नाहीतर 'प्रेंडरगास्टणे' म्हणजे कुणी विचारलेलं नसताना समजावून सांगणे, 'मेलेटणे' म्हणजे तागडीवर बोट ठेवून वजन करणे, आणि 'व्हार्लीणे' म्हणजे शेजारणीची किटली नेऊन ती आपल्या आईची असल्यासारखी वापरणे, असं शब्दकोशात कायमचं छापलं गेलं असतं. 'फीरिकणे'चा अर्थ मी काढला नाही. आपल्या घरात तेव्हा आरसा नव्हता, आताही नको.

तर मास्तर प्रेंडरगास्टनी (तेच, ज्यांनी तुला कोपऱ्यात उभं केलं होतं, आता शाळेतून निवृत्त झालेत, पण गावाला अजून कोपऱ्यात उभं करतात) प्रोफेसरासाठी शाळेत बैठक भरवली. हॅम उकडलं होतं. यंत्र टेबलावर ठेवलं, आणि ज्याला त्याला आपापल्या घराण्याचा पराक्रम सांगायला बोलावलं. पहिले अर्थात मास्तर. कॅप्टनाचे सदरे धुवायला ज्या बाईनं साफ नकार दिला ती त्यांची आजी. मग थेडी मेलेट, दुकानदार, घसा साफ करून उभा राहिला. सदरे धुवायला नकार दिला तो त्याच्या आजीनं, मास्तरांच्या आजीनं फार तर मोजे नाकारले असतील. मग आपली समोरची ऑनर व्हार्ली उठली. ऑनर म्हणजे माझी जन्माची मैत्रीण, तिची आजी उभ्या आयुष्यात स्वतःचे कपडे धुवायची नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, पण सदरे परत केले ते तिनंच. असं करत करत शाळेत सदरे नाकारणाऱ्या आज्यांची रांग लागली. प्रोफेसर बिचारा घामाघूम. मला राहवेना. मी म्हणाले, "काय हो मास्तर, त्या माणसाला सदरे होते तरी किती?"

एवढ्यावर गप्प बसले असते तर आज हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. पण यंत्र फिरत होतं, प्रोफेसर माझ्याकडे आशेनं बघत होता, आणि त्याचे मोजे ओले होते. मी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. तीच गं, जिचं नाव तुला ठेवलंय. तू तिच्या मांडीवर बसून ऐकायचीस, मी खाली जमिनीवर. उत्तरेची माणसं सलगम खणत होती, त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही असं ठरलेलं, आणि आजी बांधावरून पाटी घेऊन चाललेली. पाऊस म्हणजे असा की बदकांनी आत यावं. भिंतीपलीकडचा एक भिजलेला पोरगेला गडी तिला म्हणाला, "पाऊस आहे हो बाई." आणि आजी ठरलेलं सगळं विसरून म्हणाली, "आहे रे बाबा, देवाची कृपा." शिवाय पुढे म्हणाली, "डोक्यावर गोणपाट घे, मरशील." झालं. जगातल्या पहिल्या बॉयकॉटात बाईनं तोंड उघडलं ते एवढंच, आणि तेही हवेवर.

शाळेत अशी शांतता पसरली की हॅमवर माशी बसलेली ऐकू आली. मास्तर लाल झाले. "डीलिया फीरिक," ते म्हणाले, "सगळ्या जगाच्या शब्दकोशात क्लूनब्रॅकचं नाव आता काय म्हणून येणार? बॉयकॉट मोडणारी पहिली बाई इथली, म्हणून?"

"माणुसकीनं बोलणारी पहिली बाई म्हणून," मी म्हणाले. "आणि पहिली कसली? बाकीच्यांच्या आज्याही बोलल्या असतील, घरी येऊन सांगितलं नसेल, एवढंच."

हे मात्र सगळ्यांच्या आज्यांना लागलं. हॅम तसंच राहिलं, प्रोफेसर यंत्र घेऊन तालुक्याच्या हॉटेलात मुक्कामाला गेला, आणि गावानं ठरवलं की आजीची गोष्ट खोटी होती असं मी कबूल करेपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही, मला कुणी काही विकायचं नाही आणि माझ्या कामाला कुणी हात लावायचा नाही. मी कबूल करणार नव्हते. आजी खोटं बोलायची, पण पावसाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला कळवायला तिघं आली: मास्तर, थेडी आणि तोंड पाडून ऑनर. (बोलायचं नाही हे सांगायला बोलावं लागतं, ही या क्रियापदाची पहिली अडचण, प्रोफेसरानं लिहून घ्यायला हवी होती.) ती आली तेव्हा मी लोणी काढत होते. शिकागोत लोणी कागदात गुंडाळून मिळतं, तेव्हा विसरली असशील म्हणून सांगते: घरात घुसळण चालू असताना जो उंबरा ओलांडतो त्यानं दांडा हातात घ्यायचा, चार हिसके द्यायचे आणि मगच तोंड उघडायचं. नाहीतर लोणी त्याच्याबरोबर निघून जातं आणि वर्षभर त्या घराला ताक सुद्धा धड मिळत नाही. मी दांडा सोडला, हात पुसले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मास्तरांनी दांड्याकडे पाहिलं, दारावरच्या मेरीमातेकडे पाहिलं, कोट काढला आणि घुसळायला लागले. "डीलिया फीरिक," हिसका, "आजपासून," हिसका, "गावानं," हिसका, आणि धाप लागली. मग थेडीनं घेतला. मग ऑनरनं. सकाळपासून माझ्या हाताला न आलेलं लोणी तिघांच्या हाताला भराभर आलं, आणि काय गोळा, ताई! लोणी आलं म्हटल्यावर ताक न पिता निघणं म्हणजे घराला शाप. ती उभ्यानं प्यायली. बसली असती तर बोलणं झालं असतं.

जाता जाता मास्तर दारात अडखळले. गोठ्यातून ड्रिमिन हंबरली होती. "गाईवर बहिष्कार नाही," ते न्यायाधीशासारखे म्हणाले. "मुक्या जनावराचा यात दोष नाही." हा निवाडा लक्षात ठेव. मास्तरांच्या सगळ्या आयुष्यातलं हे एकच वाक्य कुणाच्या तरी कामी आलं.

मला सांगायला लाज वाटत नाही की पहिले काही दिवस मी मजेत काढले. उसनं मागायला कुणी येईना. चर्चमध्ये अख्खा बाक माझा, मी पिशवी वेगळी ठेवली, छत्री वेगळी ठेवली. चहा संपला तेव्हा मी थेडीच्या दुकानात गेले आणि मोठ्यानं म्हणाले की गाईला पेंड हवी. थेडीला गाईचं नाकारता येईना. तो माझ्याशी बोलेना, पण छताला टांगलेल्या डुकराच्या मांडीला म्हणाला, "पेंड आहे." मी म्हणाले, गाईला चहाही हवा, ती गाभण आहे, तिला मळमळतं. थेडीनं मांडीकडे पाहिलं आणि चहा बांधला. मग साखर, मग बिस्किटं. मग मी म्हणाले, गाईला लोकरी पायमोजे हवेत. थेडीनं मोज्यांची एक जोडी काढली आणि मांडीला विचारलं, "गाईला असतील तर जोडी एकच कशी पुरेल?" दुकानातल्या बायका शालीआड हसल्या. मग मी शिंकले. (मुद्दाम. मिऱ्यांची बरणी जवळच होती.) शिंकणाऱ्या माणसाला कुणीतरी 'देव भलं करो' म्हणायलाच हवं, नाहीतर टेकडीखालचे लोक, म्हणजे पऱ्या, त्याला उचलून नेतात, हे तान्हं पोर सुद्धा जाणतं. कुणी बोलेना. मी परत शिंकले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिसऱ्यांदा शिंकले तेव्हा कोपऱ्यातून थेडीची म्हातारी आई ओरडली, "देव भलं करो, आणि कोण शिंकलं ते मला दिसलेलं नाही!"

मग मला चटकच लागली. मी रस्त्याकडेच्या कुंपणाची भिंत रचायला घेतली, जी आपल्या बापाच्या वेळेपासून पडलेली आहे आणि तशीच पडून राहायला काही हरकत नव्हती. पण काम करणाऱ्याच्या बाजूनं जाताना 'कामावर देवाचा हात असो' म्हटल्याशिवाय पुढे जाणारा माणूस या परगण्यात अजून जन्मायचा आहे. न म्हणणाऱ्याची दृष्ट लागते, आणि मग भिंत पडली तर नाव कुणाचं? येणारेजाणारे लांबून मला बघून पाय ओढायचे. एक जण म्हणाला, "देवाचा हात असो, दगडांनो." दुसऱ्यानं फावड्याला आशीर्वाद दिला. मास्तर तर शेतातून चिखल तुडवत लांबून गेले, बुटांसकट बुडाले, पण माझ्यासमोरून आले नाहीत. मी कामावरून मान वर न करता सगळ्यांना म्हणायचे, "दगड म्हणतात, तुमच्यावरही असो."

पण ताई, एक गोष्ट मजेची नव्हती. ऑनर. संध्याकाळी जपमाळ झाली की ती रस्ता ओलांडून यायची, चूल उकरायची, माझ्या चहाला नावं ठेवायची आणि माझी किटली घेऊन जायची. आता तिच्या खिडकीत दिवा दिसायचा आणि दिव्यामागे ती, माझ्याकडे पाठ करून बसलेली. मास्तर न बोलले तर घरात शांतता वाटते. ऑनर बोलेना तेव्हा घर रिकामं वाटायला लागलं. दोन कप काढायची सवय हाताला होती, दुसरा कप परत ठेवताना मला राग यायचा आणि रागामागून रडू यायचं. एका ओळखीच्या माणसानं तुम्हाला बघून खिडकीबाहेर बघावं यापेक्षा पलटण परवडली. हे तुला सांगते आहे कारण खिडकीबाहेर बघण्यातलं तुला कळतं.

आणि मग गवताची वेळ आली. कापून, उलटून, वाळून शेतात पडलेलं होतं. गोळा करून रचायचं तेवढं राहिलेलं. दरवर्षी सगळं गाव एकमेकांच्या शेतावर जातं आणि एका दुपारी उरकतं. या वर्षी मी एकटी, एक खांदा आणि गवत उचलायचा एक काटा. गवत भिजलं तर कुजणार, कुजलं तर हिवाळ्यात ड्रिमिनला विकायची, आणि ड्रिमिन गेली की मग घरात बोलायला राहतं कोण? दुपारी तळ्याकडून ढग उठला, काळा, खाली पोट आलेला. मी काटा चालवत होते आणि देवाला जे म्हणत होते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कुंपणाशी ऑनर येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता ती शेताच्या टोकाला बांधलेल्या गाईकडे बघून ओरडली, "ड्रिमिन, अगं ढग बघ केवढा आलाय!"

मी म्हणाले, "ड्रिमिन, सांग तिला, मला डोळे आहेत."

"ड्रिमिन, तुझी मालकीण हट्टी गाढव आहे. आजी खोटं बोलली म्हण म्हणावं, सुटेल."

"ड्रिमिन, आजीनं पावसाला पाऊस म्हटलं. त्यात खोटं काय, ते विचार तिला."

"ड्रिमिन," ऑनर म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "तिला म्हणावं, एकटीनं तो खांदा मोडून घेऊ नकोस."

आणि गेली, घागरा धरून, पळत. तिच्या वयाची बाई पळताना मी पहिल्यांदा पाहिली. नंतर कळलं की ती मास्तरांच्या घरात शिरली, ते जेवत होते, आणि तिनं त्यांच्या ताटातला बटाटा उचलून विचारलं, "गाईवर बहिष्कार नाही ना?" नाही, मास्तर म्हणाले. "मग गवत कुणाचं? डीलिया गवत खाते?" मास्तरांनी विचार केला (बटाटा तिच्याच हातात होता) आणि निवाडा दिला की गवत निर्विवाद गाईचं.

ताई, ते गाव आलं! काटे घेऊन, दोर घेऊन, थेडी दुकान उघडं टाकून. माझ्याकडे कुणी बघेना. एकेक जण कुंपण ओलांडायचा, गाईला टोपी काढायचा आणि म्हणायचा, "कामावर देवाचा हात असो, ड्रिमिन." ती रवंथ करत उभी होती, इतकी मोठी यजमानीण ती जन्मात झाली नव्हती. मी मध्ये काटा घेऊन उभी, मला कुणाचा धक्का लागला तरी तो गवताला सॉरी म्हणत होता. शेवटची गंजी बांधली, दोर आवळला, आणि टपोरे थेंब पडायला लागले. सगळे धावत माझ्याच स्वयंपाकघरात शिरले, कारण तेच सगळ्यांत जवळ होतं. आता बॉयकॉट केलेल्या बाईच्या हातचा चहा घ्यायचा कसा? ऑनरनं किटली चढवली (माझी किटली, तिनं घरून आणलेली) आणि चहा तिच्या हातचा झाला. सगळे भिजलेले, वाफाळलेले, मुकाट. मास्तर दारात उभे, मिशीवरून पाणी गळतंय. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, बाहेर बघितलं, आणि कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाले, "पाऊस आहे हो."

"आहे हो," मास्तर म्हणाले, "देवाची कृपा."

चूल सुद्धा तडतडायची थांबली. मास्तरांचा हात मिशीवर गेला तो तिथेच राहिला. "मी," ते म्हणाले, "ढगाला उत्तर दिलं."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आमच्या आजीनंही ढगालाच दिलं असेल."

पहिली हसली ऑनर. मग थेडीची म्हातारी आई. मग थेडी, आणि मग इतकं हसणं झालं की कोंबड्या बाहेर पावसात पळाल्या. मास्तर गंभीर राहायचा प्रयत्न करत म्हणाले की या परिस्थितीत एक तर मला सोडावं लागेल, नाहीतर त्यांना स्वतःलाच वाळीत टाकून घ्यावं लागेल, आणि स्वतःशी न बोलणं त्यांना जमेल असं कुणालाच वाटेना. तेवढ्यात ऑनर माझ्याकडे वळली. गाईकडे नाही, चुलीकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "डीलिया, साखर कुठे ठेवतेस गं हल्ली?" साखर जन्मभर एकाच डब्यात आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी गाईला बघून येते असं सांगून पावसात गेले आणि गोठ्यात तिच्या मानेवर डोकं ठेवून पोटभर रडले.

असं झालं. गवत आत आहे, खांदा तसाच आहे, किटली परत ऑनरकडे गेली. तुझे गुडघे थंडीत जप, लोकरीचं काही लागलं तर कळव (पायमोजे आहेत, एक जोडी, गाईला घट्ट होतात). विनीला आठवण सांग, पोपटाला मेयोचे चार चांगले शब्द शिकव. येशूच्या आईच्या पदराखाली तू सुखात राहा, एवढंच मागणं.

तुझी,
डीलिया

ता. क. प्रोफेसर परत येऊन गेला, कोरड्या मोज्यांनी. आजीची गोष्ट घेतोय. पण त्याला शब्दकोशासाठी या क्रियापदाचा एक असा वापर हवा आहे जो सुरू झाला आणि कधीच मोडला नाही. क्लूनब्रॅकमध्ये तसा सापडेना. मी त्याला म्हणाले, हे काम पूर्ण जमलेली या गावची एकच बाई आहे आणि ती शिकागोत राहते. तुझा पत्ता दिलाय. तो लिहील. त्याला उत्तर देऊ नकोस, नाहीतर तुझा लौकिक जाईल.

आणखी ता. क. टोपीचा विषय काढणार नव्हते, पण कागद उरलाय. 'पक्ष्याखाली कोण आहे?' असं मी लिहिलं होतं ते थट्टेनं नव्हतं, ताई. मी खरंच विचारलं होतं. टोपीची सावली तुझ्या तोंडावर पडली होती, फोटोत तुझा चेहराच दिसत नव्हता, आणि मी तो फोटो खिडकीपाशी नेऊन, दिव्यापाशी नेऊन, सगळीकडून बघितला. पक्षी काय, पक्षी इथेही आहेत.

शेवटचं. माझ्याशी बोलू नकोस. बॉयकॉट तुझा आहे, तुला हवा तेवढा चालव, मी मध्ये पडणार नाही. पण मास्तरांचा निवाडा तुलाही लागू आहे. पाकिटावर लिही: ड्रिमिन, फीरिकांची गाय, क्लूनब्रॅक, मेयो. टपालवाला गोठ्यात नेऊन देईल, त्याला मी सांगून ठेवलंय. आत फार काही नको. तिकडे पाऊस आहे का, एवढं लिहिलंस तरी चालेल. वाचून दाखवायला मी आहेच.